दोन टिंबं, एक रेघ

बापूसाहेबांच्या कोटाच्या गळपट्टीला बिब्बा मी लावला होता. धाकू परटाने नव्हे. एवढं लिहायला मला सोळा वर्षं लागली, आणि आता लिहून झाल्यावर उठून मी माजघराचं दार लोटून आलो. खरं म्हणजे घरात कोणी नाही. बायको बाहेर खळ्यात आहे, पेट्या उन्हात घालते आहे. तिला हे ठाऊक नाही. आईला ठाऊक नव्हतं, ती गेली. शाळेत ज्यांच्याबरोबर रोज मधल्या सुट्टीत चहा घेतो त्यांना ठाऊक नाही. एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने ते तोंडाने कधी उच्चारलं नाही.

आश्विनातलं ऊन आमच्या गावात कपड्यांचं ऊन असतं. चार महिने पेटीत कोंडलेलं सगळं बाहेर येतं: शेले, शालजोड्या, बाळंतपणातली दुपटी, गेलेल्या माणसांच्या टोप्या. नव्याने चोपलेल्या खळ्याला शेणाचा वास असतो. खालच्या मळ्यात हळवं भात कापायला घेतलेलं असतं, त्याचा ओला गोडसर वास वर येतो. आणि त्या दोहोंत तिसरा मिसळतो, कापराचा, बुरशीचा, जुन्या घामाचा. खाडीवरचा वारा पडलेला. ऊन असं की डोक्यावर पंचा घेतल्यावाचून उभं राहवत नाही. हा वास आला की बाकीच्यांना दसरा आठवत असेल, दिवाळी आठवत असेल. माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर हुळहुळायला लागतं.

माझा कोट दांडीवर शेवटी येतो. बायको तो उलटा करून टाकते, गळ्याची पट्टी वर. चायना सिल्कचा, बंद गळ्याचा, कधीकाळी बदामी रंगाचा. आता त्याची कळा चहा गाळायच्या फडक्यासारखी झाली आहे. दोन्ही कोपरांना ठिगळं, उजव्या खिशाचं तोंड खडूंनी ताणून गेलेलं, सहा बटणांतली दोन भलत्याच जातीची. "बोहारणीला घाला एकदाचा," असं ती दर आश्विनात म्हणते आणि मी दर आश्विनात "असू दे" म्हणतो. शाळेतली मुलं लांबून आधी कोट ओळखतात आणि मग मला. एकदा तापाने चार दिवस पडलो होतो, तर एका मुलाने घरी येऊन विचारलं, "मास्तर, कोट आजारी आहे का?" मी हसलो. त्याच्या मनात काही नव्हतं.

गळपट्टीच्या आत, मानेच्या बरोबर मध्यावर, काळी कुळकुळीत खूण आहे. दोन टिंबं, एक रेघ. किती धुण्यांतून ती गेली असेल, फिकी झालेली नाही. परटाकडे साऱ्या आळीचे कपडे एकत्र भिजतात, म्हणून तो घरागणिक खूण ठरवून देतो. बिब्बा टोचायचा, त्याचा चीक सुईच्या टोकाने कापडावर ठेवायचा आणि लगेच वरून चुना चोळायचा. चुना लागला की चीक मरतो, काळा पडतो, कापडाला जन्माचा धरून राहतो. चुना नाही लावला तर तो जिवंत राहतो आणि अंगाला लागला की उततो. ज्यांच्या अंगावर लहानपणी बिब्बा उतला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

दोन टिंबं, एक रेघ ही माझी खूण. बापूसाहेबांच्या घरची चार टिंबं.

गेल्या आठवड्यात पारू आली. मी तिला ओळखलं नाही. खळ्याच्या कडेला उभी राहून तिने बायकोला हाक मारली, "वैनी, धुनं असलं तर द्या. मी आता परटवन्यालाच ऱ्हाते."

"कोणाची गं तू?"

"धाकू परटाची बायको. मुंबयला होताव आमी. घरधनी वारला, त्याला चार वर्सं झाली. आता परत आले."

बायकोच्या हातातली चादर अर्धी झटकून तशीच राहिली. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा धाकूला गाव सोडून दोन वर्षं झाली होती. पण गोष्ट गावाने तिला सांगितलेली होती, इथे येणाऱ्या प्रत्येक सुनेला सांगतात तशी.

"म्हणजे बापूसाहेबांच्या मानेवर बिब्बा उतवला तो धाकू?"

"लोकं म्हनतात तसं," पारू म्हणाली.

"नको गं बाई. आमच्याकडे दुसरा येतो." आणि मग जरा मऊ होऊन, "थांब हो, नवे पोहे केलेत. पदरात घेऊन जा थोडे."

"धुनं नसंल तर पोहं नको, वैनी."

एवढं बोलून ती गेली. पायऱ्या उतरताना एकदा तिने ओटीकडे पाहिलं. मी ओटीवर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो, लाल शाईची लेखणी हातात होती. माझ्या बायकोने माझ्या देखत माझ्या पापासाठी त्या बाईला दारातून परत पाठवलं, आणि मी एका मुलाच्या निबंधातली वेलांटी सुधारली.

"वाईट वाटतं हो," बायको नंतर म्हणाली, "पण भीती वाटते. पोरांचे कपडे असतात."

"हं," मी म्हणालो.

तेव्हापासून लिहायचं मनात आहे. आज कोट दांडीवर पडला आणि बसलो.

मोठी लढाई संपून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी सव्वीस वर्षांचा होतो. आई पालीच्या पलीकडे गावी, मी इथे एकाच्या पडवीत बिऱ्हाड करून राहिलेला. दोन सदरे, दोन धोतरं, एक काळी टोपी. कोट नव्हता. त्या वेळी कोटावाचून चारचौघांत जाणं म्हणजे बोडक्याने जाण्यासारखंच. शाळेत उपरण्यावर भागायचं, पण मुलगी बघायला जायचं तर काय करणार? खालच्या आळीत पोस्टातून निवृत्त झालेले एक अण्णा होते, त्यांच्या मुलीसाठी विचारणा झाली होती. मुलीला मी देवळात दोनदा पाहिलं होतं. तिच्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. तिचा यात काही दोष नाही.

धाकूकडे सदरा इस्त्रीला टाकायला गेलो तेव्हा बोलता बोलता ते निघालं. परटांच्या वस्तीत, परटवण्यात, पऱ्याच्या ओढ्याला लागून त्याचं घर. अंगणातल्या दोऱ्यांवर साऱ्या गावाची मापं लटकत असायची. धाकू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बारीक, बोलताना समोरच्याच्या कपड्यांकडे बघणारा.

"पोरगी बघाया जाताव आनि असं?"

"असंच. दुसरं आहे काय माझ्याकडे?"

तो आत गेला आणि कोट घेऊन आला. नुकती इस्त्री झालेला, अजून गरम. मी हात घातले. खांदे जिथे संपायला हवेत तिथे संपले. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही इतका नेमका कुठल्या कपड्यात बसलो नाही.

"कोणाचा रे हा?"

"कोनाचा म्हनून इचारायचा नाय, मास्तर. परटाच्या घरात कपड्याला मालक नसतो. दिवे लागायच्या आत आना, झालं."

"भाडं?"

"पसंत पडलात की लाडू द्या."

हे काही त्याने माझ्यासाठीच केलं असं नाही. गावातली निम्मी कार्यं परटाच्या मेहेरबानीवर साजरी व्हायची. कोणाचा शेला कोणाच्या मुंजीत मिरवला, कोणाची पैठणी कोणाच्या डोहाळजेवणात दिसली, सगळ्यांना कळायचं. त्याचा एक शिरस्ता होता. घालणाऱ्याने विचारायचं नाही, आणि मालकाने ओळखलं तरी डोळे दुसरीकडे वळवायचे. आपलीच शालजोडी दुसऱ्याच्या खांद्यावर बघून "छान दिसते हो" म्हणणारे थोर लोक मी पाहिले आहेत. या एका शिरस्त्यावर आमच्यासारख्या किती जणांची अब्रू तगून होती!

बापूसाहेबांनी तो मोडला.

बापूसाहेब म्हणजे दोन हापूसच्या बागा, गुहागरला पोफळी आणि वकिलीची सनद, जी त्यांनी दिवाणखान्यातल्या भिंतीला टांगण्यापलीकडे कशाला वापरली नाही. वय पस्तिशीचं. समोर कोणी आलं की ते मान सावकाश खाली नेत आणि माणसाला पायांपासून वर मोजत मोजत तोंडापर्यंत येत. पुष्कळदा तोंडापर्यंत पोचायच्या आधीच त्यांचं बघणं संपायचं. अण्णांनी त्यांना गावातले मोठे म्हणून बोलावलेलं होतं. मी ओटीवर चढलो तेव्हा ते लोडाला टेकून बसले होते.

त्यांची मान खाली गेली, वर आली, आणि माझ्या छातीशी थांबली.

"मास्तर, कोट फर्मास आहे हो. कुठला?"

"मुंबईचा," मी म्हणालो. मला खरंच ठाऊक नव्हतं.

"असणारच. आमचाही मुंबईचाच."

ते उठले. माझ्या मागे आले. बैल घेताना त्याचा ओठ उचलून बघतात तशी दोन बोटं माझ्या गळ्यात घालून त्यांनी पट्टी उलटली. त्यांच्या नखाचा थंडपणा मला अजून मानेवर सांगता येईल.

"एक, दोन, तीन, चार. अण्णा, मुलगा घरातलाच निघाला की! कोट आमचा आहे. टोपी कोणाची ते आता तुम्ही विचारा."

चारजण बसलेले होते, चौघे हसले. अण्णासुद्धा हसले. ते बापूसाहेबांच्या जागेत राहत होते, हसणं भागच होतं.

"धोतर तरी स्वतःचं ना, मास्तर? नाही, आत्ताच सांगा. लग्नानंतर परटाने मागितलं तर पंचाईत."

पुन्हा हसणं.

"काढा," बापूसाहेब म्हणाले. अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं. "घामाने खराब होतो तो."

मी बटणं काढली. सहाच्या सहा. कोटाखाली कोण बघतंय म्हणून पाठीत फाटलेला सदरा घातला होता. कोट मी घडी करून त्यांच्या हातात दिला, हेही आठवतं. नीट घडी करून दिला. तेवढ्यात मुलगी पोह्यांची ताटली घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. ती हसली नाही. अण्णा म्हणाले, "मास्तर, पोहे तरी घ्या," आणि मी घेतले. उठून जायचं सुचलं नाही. फाटक्या पाठीने भिंतीला चिकटून बसून मी ते सगळे पोहे संपवले.

परत येताना दुपारचे तीन वाजले होते. आश्विन होता. आळीतल्या प्रत्येक खळ्यात पेट्या उघडलेल्या, प्रत्येक दांडीवर कपडे, प्रत्येक दांडीपाशी एक बाई. त्या कपड्यांच्या रांगांमधून मी घरी आलो. पाठीमागे कोणी काही बोललं असेल-नसेल. ऊन मात्र सदऱ्याच्या फाटीतून बोट घातल्यासारखं पाठीला लागत होतं. दुसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला, पत्रिका जमत नाही.

मी तोंडाने भांडणारा माणूस नाही. माझ्या तोंडून राग निघत नाही, तो खाली जातो आणि तिथे मुरतो. दोन दिवस मी वर्गात शिकवलं, जेवलो, झोपलोही. आणि त्या दोन दिवसांत मनातल्या मनात बापूसाहेबांचं मी काय काय केलं! त्यांना खाडीत उभं केलं, त्यांच्या बागा जाळल्या, भर बाजारात त्यांच्या अंगावरचा एकेक कपडा उतरवून त्याची घडी करायला लावली. त्यातलं घडी करणं मला सगळ्यात आवडायचं.

तिसऱ्या दिवशी धाकूकडे गेलो. खरोखर त्याची माफी मागायला गेलो होतो, माझ्यामुळे त्याला बोलणी बसली म्हणून. तो मला बघून उठून उभा राहिला.

"माझीच चूक, मास्तर. मला वाटलं बापूसायब गुहागरला गेलंत. मचवा सुटला नाय, ते मागारी फिरले. मला काय ठावं?"

कोट धुऊन वाळून इस्त्रीच्या पाटावर पसरलेला होता. बापूसाहेबांनी तो परत धुवायला पाठवला होता.

"म्हनाले..." धाकू थांबला.

"सांग."

"मास्तराच्या घामाचा वास गेला पायजे. दोनदा धू."

मी कोटाकडे बघत उभा राहिलो. धाकू म्हणाला, "बसा, इस्त्रीत निखारा नाय ऱ्हायला, शेजारून घेऊन येतंव. पारू च्या टाकील." तो गेला. पारू आत चुलीपाशी होती. मी आणि कोट, दोघेच पडवीत. कोनाड्यात पत्र्याचा डबा होता, त्यात बिब्बे आणि सुया. शेजारी चुन्याची डबी.

बिब्बा टोचला आणि इस्त्रीच्या अजून कोमट असलेल्या अंगाला धरला. चीक वर आला, मधासारखा. गळपट्टी उलटून तिच्या घडीत, शिवणीच्या बाजूने, या कानापासून त्या कानापर्यंत मी सुईने एक बारीक रेघ ओढत नेली. अक्षर माझं चांगलं आहे, हात स्थिर आहे. मग पट्टी जशी होती तशी मिटली. चुन्याची डबी वीतभर अंतरावर होती. तिला मी हात लावला नाही. एक थेंब माझ्या अंगठ्याला लागला, तो धोतराला पुसला. धाकू निखारे घेऊन आला तेव्हा मी पऱ्याकडे बघत बसलो होतो. पारूने दिलेला चहा मी प्यालो. गुळाचा होता, आलं घातलेला.

दसऱ्याला बापूसाहेब तो कोट घालून सोनं लुटायला आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, ऊन मरणाचं. मी लांब होतो. लोकांना आपट्याची पानं देत होतो, गळाभेटी घेत होतो, आणि त्यांच्या खांद्यांवरून बापूसाहेबांचं एक बोट बघत होतो. ते बोट एकदा गळपट्टीत गेलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग सारखं. माझ्या पोटात काहीतरी गार, गोड पसरत गेलं. आयुष्यात दुसऱ्या कशाने तसं वाटलं नाही, लग्नाने नाही, पहिल्या मुलानेही नाही. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

तीन दिवसांनी मान सुजली. मग फोड, मग फुटलेले फोड, ताप. नारळाचं दूध झालं, लेप झाले. तीन आठवडे ते पालथे पडून होते. दिवाळीचं अभ्यंगस्नान हुकलं. उठले तेव्हा मान वळत नव्हती. कोणाकडे बघायचं तर सबंध अंग फिरवावं लागे, कणगी फिरवावी तसं. मान खाली घालून पायांपासून मोजणं तर संपलंच. अजूनही त्यांच्या मानेभोवती पिकल्या करवंदाच्या रंगाचा पट्टा आहे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. या लेखात कुठे पश्चात्ताप दिसला तर तो बापूसाहेबांसाठी आहे असं कोणी समजू नये.

पण वैद्यांनी सांगितलं, हा बिब्बा आहे आणि चुना न मारलेला. मग पुढे कोणी काही विचारलंच नाही. बिब्बा कोणाकडे असतो?

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सूड घेणारा माणूस फक्त एका माणसाकडे बघत असतो, आजूबाजूचे त्याला दिसत नाहीत, वगैरे. पण बिब्बा उचलताना तो कोणाच्या डब्यातला आहे हे मला दिसत होतं. नाही दिसलं असं कसं म्हणू?

एका दिवसात आळीने धाकूकडचे कपडे परत मागवले. ओलेसुद्धा. शाळेतून येताना मी पाहिलं, पाणी गळणारी गाठोडी डोक्यावर घेऊन गडीमाणसं परटवण्यातून वर येत होती. बापूसाहेबांच्या माणसांनी त्याचा रांजण फोडला. कोणी म्हणे, धाकू चुना लावायला विसरला. कोणी म्हणे, बोलणी खाल्ली म्हणून डूख धरला त्याने. तीस वर्षं बापाने आणि मुलाने मिळून ज्यांची खूण चुकवली नाही त्यांच्यातला एकही जण म्हणाला नाही, की हा असं करायचा नाही. मीही नाही.

मार्गशीर्षात तो बोटीने मुंबईला जायला निघाला. आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, माझ्याकडे आला. काखेत गाठोडं होतं. ओटीवर चढला नाही, पायरीशी उभा राहिला.

"बापूसायबांनी अंगावर टाकला माझ्या. म्हनाले, तूच घाल आता." त्याने गाठोडं सोडलं. तोच कोट. "मी कुठं घालू? तुमाना बसत होता. तुमी ठेवा."

मी हात पुढे केला. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. अडीच महिने झाले तरी ती जखम सुकली म्हणता सुकत नव्हती.

धाकू चिंधीकडे बघत राहिला. कपड्यांकडे बघायचा तसा, हे कशाने झालं आणि कशाने जाईल ते ठरवत.

"अंगठ्याला काय झालं, मास्तर?"

"काही नाही. पाटीची कड लागली."

"कोकमाचं तेल लावा. खोबरेलानं नाय जायाचं ते."

मग कोटाची गळपट्टी उलटून त्याने मला दाखवली. पट्टी नवी होती, पांढऱ्या मांजरपाटाची, बारीक टाक्यांनी शिवलेली. मधोमध ताजी खूण. दोन टिंबं, एक रेघ. भोवती अजून चुन्याची पांढरी कड होती.

"जुनी पट्टी?" मी विचारलं.

"जाळली."

आता तो म्हणेल, असं वाटत होतं. म्हणाला असता तर मी कदाचित कबूल केलं असतं.

"कोट मी दिला म्हनून झालं सगलं," धाकू म्हणाला. "मी दिला नसता तर काय नसतं झालं." आणि तो पायरी उतरून गेला.

ते एक वाक्य मी सोळा वर्षं अंगावर पांघरून बसलो आहे. त्यानेच म्हटलं ना, की सगळं त्याच्यामुळे झालं? मग झालं तर.

कोट पहिल्यांदा घातला तेव्हा मान भाजेल असं वाटलं. काही झालं नाही. मऊ होता. धाकूने तो कितीदा धुतला होता कोण जाणे. आणि मग मी एक गोष्ट सुरू केली, ती गेल्या दसऱ्यापर्यंत चुकलेली नाही. दर दसऱ्याला हाच कोट घालून मी बापूसाहेबांच्या ओटीवर सोनं द्यायला जातो. ते सबंध अंग वळवून माझ्याकडे बघतात. पहिल्या वर्षी ते कोट बघून पांढरे पडले होते. पण स्वतः फेकलेल्या कपड्याला आपला कसा म्हणणार? आता आमचं बोलणं ठरलेलं आहे.

"मास्तर, अजून तोच कोट?"

"तोच, बापूसाहेब. चांगल्या कापडाला काही होत नाही."

"गळ्याशी काचत नाही?"

"छे! मला कधीच काचला नाही."

मी त्यांच्या मानेकडे बघतो. ते माझ्या गळपट्टीकडे बघतात. त्यांना संशय आहे का? मला वाटतं, आहे. मला वाटतं, असावा. तो नसता तर माझा दसरा फुकट गेला असता. गावाला वाटतं मास्तर किती मोठ्या मनाचा, जिथे अपमान झाला तिथे दरसाल सोनं घेऊन जातो. एवढं समाधान मी एका कोटातून काढलेलं आहे, म्हणून तो बोहारणीला जात नाही. त्या कोटात धाकूचे टाके आहेत म्हणून मी तो जपतो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तेही आहे. पण ते आधी नाही.

पारू पायऱ्या उतरून गेल्यापासून मी एक ठरवतो आणि पुन्हा मोडतो. बापूसाहेबांना जाऊन सांगायचं. साधी गोष्ट आहे. पण मनात ते सांगून बघतो तेव्हा काय होतं ते लिहितो. मी ओटीवर उभा असतो, म्हणतो, "बापूसाहेब, तो बिब्बा मी लावला," आणि त्यांचं तोंड बघून माझ्या पोटात तेच पसरतं, गार, गोड. म्हणजे धाकूचं नाव धुवायला जाईन आणि तिथे पुन्हा स्वतःचीच हौस भागवून येईन. एकदा त्याच्या डब्यातला बिब्बा वापरला, आता त्याचं मरण वापरीन. ह्याची मला जास्त भीती वाटते. नोकरीची वाटते, मुलांची वाटते, तीही खरीच.

आणि गप्प राहिलो तर परवा पारू दुसऱ्या कोणाच्या खळ्याशी उभी राहील, आणि तिथली सून विचारील, तोच का तो धाकू?

हे छापून आलं तर बायको वाचेल. ती सगळं वाचते. पण परटवण्यात ते कोणी वाचायचं नाही, आणि बापूसाहेब असल्या गोष्टी वाचत नाहीत. तेव्हा लिहिल्याने काही फिटलं असं नाही.

"अहो," बायको बाहेरून हाक मारते आहे, "कोट आत घेऊ का? ऊन उतरलं."

"राहू दे," मी म्हणालो. "परवा घालायचाय."

परवा दसरा. धाकू परटाचं माझ्याकडे राहिलं आहे ते असं. हा कोट घालून बापूसाहेबांच्या ओटीवर, चार माणसं बसलेली असताना, गळपट्टी स्वतःच्या हाताने उलटून सांगायचं की बिब्बा मी लावला, धाकूने नाही. त्या वेळी बापूसाहेबांच्या मानेकडे बघायचं नाही. मग तिथून परटवण्याला जाऊन तेच पारूला सांगायचं, आणि कोट तिच्याकडे धुवायला टाकायचा. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.